मृत्युपत्रासाठी वकील कोणता गाठावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी ६८ वर्षांचा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर. निफाड तालुक्यात वडिलांकडून आलेली तीन एकर जमीन, सातबारावर मी आणि धाकटा भाऊ. मुलगा पुण्याला असतो, मुलगी छत्रपती संभाजीनगरला दिलेली. माझ्यामागे पत्नीचे हाल होऊ नयेत, मुलांत वाद नको. एक बाँड रायटर दोन हजारांत मृत्युपत्र करून देतो म्हणतो, आणि फ्लॅटचे दोनशे रुपयांच्या स्टँपवर मुलाला बक्षीसपत्रच करून टाका, असा सल्लाही देतो. मुलाचा मित्र वकील आहे, तो फुकट करायला तयार आहे. गंगापूर रोडच्या एका ऑफिसने इस्टेट प्लॅनिंगचे मोठे पॅकेज सांगितले. कोणाकडे जाऊ?"

काका, नमस्कार. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात २७ वर्षे दिवाणी कामे करते. माझ्याकडे येणारी बरीच मृत्युपत्रे लिहिणारा माणूस गेल्यानंतरच येतात. तो काय म्हणत होता हे सांगायला तेव्हा तो नसतो. कागदात जे राहून गेले असेल, ते तेव्हा कोणालाच भरून काढता येत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा लांबवर देते आहे.

तुम्ही भाऊ लिहिलात, पण बहिणी आहेत का, ते लिहिले नाहीत. या तिघांपैकी कोणी तुम्हाला हे विचारले का? बहिणी असतील आणि कोणीच विचारले नसेल, तर तिघांपैकी एकानेही अजून तुमचे काम हातात घेतलेले नाही असे समजा.

कारण सांगते. जमीन "वडिलांकडून आलेली" एवढ्यावर काहीच कळत नाही. वडिलांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती, की त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली? वडील कधी वारले? मृत्युपत्र करून गेले होते का? जमीन त्यांची स्वकष्टार्जित असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्यांना सारखी जाते. सातबारावर फक्त दोन भावांची नावे लागली, म्हणून बहिणींचा हिस्सा संपत नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. गावाकडे बहुतेक वेळा काय झालेले असते, ते तुम्हालाही ठाऊक असेल. वडील गेले, वारस नोंदीच्या वेळी बहिणींनी तलाठ्यापुढे "आम्हाला काही नको" असा जबाब दिला आणि भावांची नावे चढली. पण स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. नुसत्या जबाबावर पुढे किती दावे उभे राहतात, ते मी रोज पाहते. तुमच्या बाबतीत असे असेल, तर तुमची निम्मी जमीन प्रत्यक्षात चौथा हिस्सा किंवा त्याहून कमीही निघू शकते. तुम्ही मृत्युपत्रात "माझी दीड एकर मुलाला" असे लिहाल, आणि मुलाच्या वाट्याला जमिनीऐवजी आत्यांशी दावा येईल.

उलट बाजूही आहे. जमीन पणजोबा-आजोबांपासून एकत्र कुटुंबाची चालत आलेली असेल, तर तुमच्या मुलालाच नव्हे, मुलीलाही तीत जन्माने हिस्सा आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुली सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने हक्कदार) झाल्या, आणि त्या तारखेला वडील हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. अशा जमिनीत तुम्ही मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता. पण वडिलांची स्वकष्टार्जित जमीन कलम ८ ने तुमच्याकडे आली असेल, तर तुमच्या वाट्याची जमीन तुमची स्वतःची आहे आणि मुलांचा तीत जन्मसिद्ध हक्क नाही. हे १९८६ पासून ठरलेले आहे. तरीही लोक, आणि खेदाने सांगते, काही वकीलसुद्धा, वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला "वडिलोपार्जित" म्हणून मोकळे होतात. या एका शब्दाने आपल्या जिल्ह्यात किती घरे कोर्टाच्या पायऱ्यांवर आणली, याचा हिशेब नाही.

तेव्हा वकील पारखताना माझी पहिली कसोटी हीच. पहिल्या बैठकीत त्याने मृत्युपत्राचा नमुना काढला, की जुने फेरफार मागितले? चांगला वकील तुम्हाला थोडा त्रास देतो. वडिलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार आणा, आजोबांच्या नावाचा जुना उतारा आणा, फ्लॅटचे खरेदीखत आणि सूची दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणा, असे सांगून परत पाठवतो. तेव्हा चिडू नका. काय देता येते, हे ठरल्याशिवाय कोणाला द्यायचे हे लिहिता येत नाही.

दुसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वकिलाने एखादे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध केले आहे का, किंवा समोरच्याचे पाडले आहे का, हे सरळ विचारा. मृत्युपत्राची भाषा साधी असते, ती कोणीही लिहील. पण ज्याने साक्षीदाराचा उलटतपास घेतला आहे, त्यालाच कागद कुठे फाटतो ते माहीत असते. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझी आहे हे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने तुमच्या समक्ष सही केलेली असावी. पुढे वाद झाला, तर त्यातला किमान एक साक्षीदार हयात आणि साक्ष द्यायच्या स्थितीत असेपर्यंत त्याला कोर्टात आणावेच लागते. नोटरीचा शिक्का याची जागा घेत नाही. नोंदणी केली, तरीही साक्षीदार लागतोच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची पत्नी माझ्याकडे मृत्युपत्र घेऊन आली. टायपिंग स्वच्छ, प्रत्येक पानावर सही, नोटरीचा लाल शिक्का. नवऱ्याने घर आणि विहिरीजवळचा तुकडा तिच्या नावे लिहिला होता. साक्षीदार म्हणून त्याने आपले दोन जिवलग मित्र घेतले होते, दोघेही त्याच्याहून वयाने मोठे. एक त्याच्या आधीच वारला. दुसऱ्याला अर्धांगवायू होऊन वाचा गेलेली. शिवाय मोठ्या मुलाला काहीच दिले नव्हते आणि का दिले नाही, याबद्दल एक ओळही नव्हती. साक्षीदार मिळत नसतील, तर सही आणि हस्ताक्षर ओळखणाऱ्यांच्या साक्षीने मृत्युपत्र सिद्ध करता येते, तशी तरतूद आहे. आम्ही त्या वाटेने गेलो. सहा वर्षे गेली. शेवटी ती बाई थकली आणि अर्ध्यावर तडजोड केली. तिचा नवरा दूरदर्शी होता, तिच्यासाठी त्याने जे करायचे ते केले होते. त्याला फक्त कोणी सांगितले नव्हते की साक्षीदार आपल्याहून तरुण, जवळपास राहणारा आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारा असावा. त्या प्रकरणानंतर मी साक्षीदाराचे वय विचारल्याशिवाय मसुदा छापत नाही.

असा अनुभवी वकील आणखी काही गोष्टी तुम्ही न सांगता करतो. मृत्युपत्र तुम्हाला समजते त्या भाषेत, म्हणजे मराठीत लिहितो. वयामुळे सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा दाखला घेतो. एखाद्या मुलाला कमी दिले, तर त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहून घेतो ("घर घेताना मुलाला आम्ही अमुक रक्कम दिली होती" एवढेसुद्धा पुरते). अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमायला सांगतो. आणि एखादा लाभार्थी तुमच्या आधी गेला, तर त्याचा वाटा कोणाकडे, हे विचारतो. पत्नी तुमच्या आधी गेली तर? हा प्रश्न विचारायला जड जातो, म्हणून बरेच जण विचारत नाहीत. तो विचारायलाच हवा.

आता मुलाच्या मित्राबद्दल. तो मुलगा भला असेल, हुशार असेल. तरीही नको. मृत्युपत्र करताना वकील तुमचा हवा, मुलाचा नव्हे. उद्या तुम्हाला मुलीला निम्मे द्यावेसे वाटले किंवा फ्लॅट पूर्णपणे पत्नीला द्यावासा वाटला, तर ते तुम्ही त्याच्यापुढे मोकळेपणाने बोलाल का? आणि दुसरे म्हणजे, ज्याला लाभ होतो, त्यानेच मृत्युपत्र घडवण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालय ती संशयास्पद परिस्थिती मानते आणि तो संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावरच टाकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ सालच्या वेंकटचला अय्यंगार प्रकरणापासून हेच चालत आले आहे. म्हणजे मुलाच्या मित्राला बाजूला ठेवण्यात मुलाचेच हित आहे. मुलाला हे असेच समजावून सांगा, तो समजून घेईल.

मी स्वतः पहिल्या बैठकीत मुलांना, सुनेला, जावयाला बाहेर बसवते. पत्नीलाही पंधरा मिनिटे बाहेर बसवते, मग आत बोलावते. जो वकील सोबत आलेल्या मुलाशीच बोलत राहतो आणि तुमच्याकडे फक्त सहीपुरता पाहतो, त्याच्याकडून उठून या.

बाँड रायटरचा बक्षीसपत्राचा सल्ला मात्र मला खरोखर काळजीत टाकतो. मुद्रांकाचे त्याने सांगितले, ते बरोबर आहे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभार धरून एकूण किती, ते आधी लेखी मागा. पण बक्षीसपत्र म्हणजे आज, आत्ता मालकी गेली. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता, बक्षीसपत्र मनाला आले म्हणून मागे घेता येत नाही. मुलगा चांगलाच असेल. पण त्याचे कर्ज झाले, घटस्फोट झाला किंवा तोच आधी गेला, तर तुमच्या पत्नीच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या हाती जाते. द्यायचेच असेल, तर "आईवडिलांचा सांभाळ करील" ही अट आणि दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तात स्पष्ट लिहिलेला हवा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशा अटीचा आधार घेऊन दस्त रद्द करायला मदत करते. प्रांत कार्यालयाच्या बाकावर असा अर्ज घेऊन बसलेली जोडपी मी पाहिली आहेत. दोनशे रुपयांत काम होते, या नादात त्यांनी घर दिले होते. ज्या वकिलाने तुमच्या पत्नीच्या राहण्याचा प्रश्न न काढता बक्षीसपत्र सुचवले, तो तुमच्या कामाचा नाही.

गंगापूर रोडच्या पॅकेजबद्दल थोडक्यात. आपल्याकडे "इस्टेट प्लॅनिंग तज्ज्ञ" अशी कोणतीही सनद बार कौन्सिल देत नाही. वकिलांना जाहिरात करायलाही नियमाने बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवरच्या "नाशिकमधील सर्वोत्तम दहा" याद्यांवर वकील निवडू नका. ट्रस्ट कामाची गोष्ट आहे, पण ती अपंग किंवा स्वतःचे व्यवहार न कळणारे मूल असेल, धंद्याचे भाग असतील, वारस परदेशात विखुरलेले असतील अशा घरांसाठी. एक फ्लॅट, तीन एकर आणि पेन्शन यांना नोंदणीकृत मृत्युपत्र पुरते. "कर वाचेल" असे कोणी म्हणाले, तर कोणता कर, ते विचारा. वारसा कर आपल्या देशात १९८५ पासून नाही.

मग नावे कुठून मिळवायची? सीबीएसजवळच्या कोर्टात जाऊन समोर दिसेल त्या काळ्या कोटाला विचारू नका. ज्याचे वडील गेल्या चार-पाच वर्षांत वारले आणि मृत्युपत्राप्रमाणे सातबारा व फ्लॅट विनातक्रार नावावर झाले, असा माणूस शोधा. प्रेसच्या निवृत्तांत असे दोघे-तिघे सहज सापडतील. त्यांना वकिलाचे नाव विचारा. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात, ते करा. तिथे वाटपाचे, वारसाचे दिवाणी दावे दिसले पाहिजेत. नुसतीच चेक बाउन्स आणि मोटार अपघाताची कामे दिसली, तर तो वकील वाईट नाही, पण हे त्याचे शेत नाही. निफाडची जमीन आहे म्हणून निफाडचाच वकील हवा असे नाही. महसूल कार्यालयात पाय असलेला आणि दिवाणी कोर्टात उभा राहणारा, असा एकच माणूस मिळाला तर उत्तम. नाहीतर नाशिकचा वकील निफाडच्या वकिलाला कागद काढायला सांगतो, त्यात गैर काही नाही.

दोन-तीन जणांना भेटा, भेटीचे पैसे द्या. फुकटच्या सल्ल्यात माणूस घाई करतो. भेटीत एक प्रश्न मुद्दाम विचारा: "माझ्या मृत्युपत्राला प्रोबेट लागेल का?" प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला. त्याची सक्ती मूळची मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांशी जोडलेली होती. नाशिकच्या मालमत्तेला ती नव्हती. जो शांतपणे हे समजावून सांगतो आणि "तरी वाद दिसत असेल तर घेतलेले बरे" असे म्हणतो, त्याला विषय कळतो. जो लगेच प्रोबेटच्या फीचा आकडा सांगतो, त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

फीबाबत एवढेच सांगते की कामाचे तुकडे पाडून लेखी घ्या: कागद वाचून अभिप्राय, गरज असेल तर सर्च (मालमत्तेच्या जुन्या नोंदींचा शोध), मसुदा आणि त्यातल्या दुरुस्त्या, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी. मालमत्तेच्या किमतीवर टक्का मागणारा वकील नको. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत हिस्सा मागणे तर बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. चालता येत नसेल, तर दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. मजकूर गुप्त ठेवायचा असेल, तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे जमा करण्याची सोय आहे. हे पर्याय वकिलाने स्वतःहून सांगायला हवेत. खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा तुमच्या पत्नीलाही स्वतःचे मृत्युपत्र करता येईल. तिचे दागिने आणि ठेवी तिच्या आहेत, हे आपण विसरतो.

नॉमिनीचे जाता जाता सांगते. बँकेत, सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे वारसा ठरला असे नाही. नॉमिनी पैसे किंवा कागद स्वीकारतो, मालक वारसच राहतात. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितले. विम्यात पती-पत्नी, आईवडील, मुले यांना नेमले तर २०१५ पासून नियम वेगळा आहे. तेव्हा मृत्युपत्र आणि नॉमिनी जुळवून घ्या, आणि ते जुळवून देणे हे वकिलाच्या कामात धरा.

हे वाचणाऱ्यांत इतरही असतील. मालेगावच्या मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येते. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी बांधवांना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही, आणि जमीन बिगर आदिवासीकडे जायला परवानगी लागते. नवीन शर्तीची (हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी) जमीन, सिडकोचे भाडेपट्ट्याचे घर, शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन देणे, यातले काही असेल तर त्या विशिष्ट कामाचा अनुभव विचारूनच पुढे जा. मूलबाळ नसलेल्या विधवांनी तर मृत्युपत्र लांबवूच नये. त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांनी स्वतः कमावलेले कलम १५ प्रमाणे पतीच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर सांभाळणाऱ्या भाचीला त्यातले काही मिळत नाही.

काका, बहिणींबद्दल एक मनापासून. त्यांचा हिस्सा निघाला, तर हक्कसोडपत्र भाऊबीजेच्या ताटात ठेवू नका. त्यांना त्यांचा वेगळा वकील बघू द्या, कागद वाचू द्या, मग त्या सोडतील किंवा घेतील. घेतला तरी तो त्यांच्या वडिलांचा आहे. अशा मोकळेपणाने झालेल्या हक्कसोडपत्रावर पुढे दावा आलेला मी क्वचितच पाहिला आहे.

तर आता वकिलाचे नाव नंतर. या आठवड्यात निफाडला जाऊन वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीचा फेरफार आणि त्याच्या मागचा जमिनीचा जुना उतारा यांची नक्कल घ्या. त्या फेरफारात कोणाकोणाची नावे वारस म्हणून लिहिली आहेत आणि कोणाचे जबाब आहेत, ते पाहा. वडिलांनी जमीन घेतल्याचे खरेदीखत घरातल्या ट्रंकेत असेल, तर तेही काढून ठेवा. हे तीन कागद ज्याच्या टेबलावर ठेवाल, तो ते आधी वाचतो की आधी फी सांगतो, हे पाहा.